मोठा कुत्रा नव्या पिल्लावर परत परत गुरगुरतोय? आधी हे तपासा

नवीन पिल्लू आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरात सगळं गोडीगुलाबीत चालतं, फोटो काढून होतात, नातेवाइकांना पाठवून होतात, आणि मग एका संध्याकाळी मोठा कुत्रा पिल्लावर असा काही खेकसतो की सगळ्यांच्या छातीत धस्स होतं. मोठ्याला ओरडा बसतो, पिल्लाला उचलून कडेवर घेतलं जातं, दोन दिवस शांतता, आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. इथे नाशिकमध्ये माझ्या ओळखीतल्या ज्यांनी दुसरा कुत्रा आणला त्यांच्यातल्या बहुतेकांचा फोन मला याच टप्प्यावर येतो, आणि प्रश्न एकच असतो, की आमचा एवढा शांत कुत्रा, आजवर कोणाला दात दाखवला नाही, त्याला झालंय तरी काय.

बहुतेक वेळा त्याला काही झालेलं नसतं. तो अडकलेला असतो. पिल्लू अंगावर चढतंय, कान ओढतंय, आणि तिथून उठून शांत जागी जायला त्याला वाट नाहीये, मग तो त्याच्याकडे जे आहे ते वापरतो, म्हणजे आवाज. आपण सगळे तो आवाज बंद करायच्या मागे लागतो आणि ज्यामुळे आवाज निघाला ती गोष्ट घरात जागच्या जागी तशीच राहते, म्हणून हा प्रकार मिटला मिटला म्हणता परत उभा राहतो. म्हणून स्वभाव, मत्सर वगैरे चर्चा बाजूला ठेवा आणि घराची मांडणी बघा, मी सगळ्यांना आधी हेच सांगते.

गुरगुरल्यावर ओरडायचं का?

नाही. अजिबात नाही. गुरगुरणं ही सूचना आहे आणि त्याच्याही आधी कुत्रा बरंच काही सांगून झालेला असतो, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. झोप आलेली नसताना जांभई देतो, जिभेने सारखं नाक-ओठ चाटतो, पिल्लाकडून तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसायला लागतो, अंग एकदम ताठ होतं, हलणारी शेपटी थांबते. हे सगळं करून पिल्लाला कळलं नाही की मग गुरगुर, मग हवेतल्या हवेत तोंड मारणं, आणि अगदी शेवटी चावा. गुरगुरल्यावर दर वेळी फटका किंवा ओरडा बसला तर कुत्रा एवढंच शिकतो की आवाज काढायचा नाही, आणि मग एक दिवस तो मधल्या पायऱ्या गाळून सरळ चावतो. अशा कुत्र्याबद्दल लोक म्हणतात की काही कारण नसताना चावला.

गुरगुरला की तुम्ही उठा, पिल्लाला शांतपणे बाजूला घ्या, मोठ्याला काही बोलू नका. एवढंच.

आणि थोडंफार खेकसणं पिल्लाच्या भल्याचंही असतं बरं का. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आधी आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, ते राहिलेलं असेल तर मोठ्या कुत्र्याकडून शिकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे, तरी लोक पाच-सहा आठवड्यांची पिल्लं उचलून आणतात, आणि हीच पिल्लं मोठ्याला सगळ्यात जास्त छळतात कारण त्यांना कुठे थांबायचं ते माहीतच नसतं.

मग काळजी कधी करायची? मोठ्याने एक-दोन सेकंद भरपूर आवाज केला, पिल्लू केकाटलं पण अंगावर ओरखडासुद्धा नाही, मोठा लगेच तोंड फिरवून बाजूला झाला आणि थोड्या वेळाने पिल्लू परत शेपटी हलवत आलं, तर ते शिकवणं आहे. पण पिल्लू उताणं पडलं तरी मोठा थांबत नाही, पळणाऱ्या पिल्लाचा कोपऱ्यापर्यंत पाठलाग करतो, धरून झटकतो, दात रुतल्याची खूण दिसते, किंवा लांबून एकटक, अगदी आवाज न करता पिल्लाकडे बघत बसतो, तर त्या दोघांना आत्ताच्या आत्ता वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. हे जे गप्प बसून रोखून बघणं आहे ना, त्याची मला गुरगुरण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आधी मोठ्याची तपासणी

लोक हे सगळ्यात शेवटी करतात म्हणून मी आधी सांगते. मोठ्याला डॉक्टरकडे नेऊन नीट तपासून आणा. कान आतून लाल आहेत का, दात-हिरड्या कशा आहेत, कंबर आणि मागचे पाय दाबल्यावर तो चमकून मागे बघतो का. सात-आठ वर्षांच्या लॅब्राडॉरला बऱ्याचदा सांधेदुखी असते आणि आपल्याला वाटतं वय झालं म्हणून सुस्तावलाय. त्याच्या दुखऱ्या कंबरेवर पिल्लाने उडी मारली तर तो खेकसणारच. आपल्याकडे थंडीही चांगली कडाक्याची पडते, डिसेंबर-जानेवारीत सकाळी फरशी बर्फासारखी गार असते, रात्रभर त्यावर झोपलेला म्हातारा कुत्रा आखडून उठतो आणि नेमकं तेव्हाच पिल्लू ताजंतवानं होऊन त्याच्यावर झेपावतं. त्याच्याखाली जुनी गोधडी किंवा जाड पोतं घाला, आणि तो उठून, चालून-फिरून मोकळा होईपर्यंत पिल्लाला सोडू नका. एवढ्यानेसुद्धा काही घरांत सकाळची भांडणं थांबलेली मी बघितली आहेत.

गोचिडांचंही बघा. गोचीड ताप आपल्याकडे सर्रास होतो, त्यात कुत्रा नुसता मलूल आणि चिडका होतो, खाणं कमी करतो, हिरड्या फिक्या पडतात, ताप येतो-जातो. रक्त तपासलं की डॉक्टरांना अंदाज येतो. नवीन पिल्लाच्या अंगावर गोचिडी असतील तर त्याच मोठ्यालाही लागतात, त्यामुळे औषध दोघांचं एकदमच करायचं, पण पिल्लाला काय चालतं ते वय आणि वजन सांगून डॉक्टरांनाच विचारा, मोठ्याचं औषध अर्धं करून पिल्लाला लावू नका.

कुठे, कधी आणि मधे काय होतं

तब्येत ठीक असेल तर मग शोधकाम. भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक भांडणासमोर तीन गोष्टी लिहा, किती वाजता, कुठल्या जागी, आणि दोघांच्या मधे काय होतं. आठवडाभर लिहा. जवळपास प्रत्येक घरात त्यातून तीच चार कारणं निघतात, खाणं, अरुंद जागा, माणूस आणि झोपमोड.

आमच्या इंदिरानगरच्या रो हाउसमध्ये ती जागा निघाली स्वयंपाकघराचा उंबरा. राणी आमची देशी, आठ वर्षांची, संध्याकाळी सासूबाई पोळ्या लाटायला लागल्या की ती उंबऱ्यात आडवी पडते, हनुवटी पंजांवर आणि एक डोळा ओट्याकडे. बंड्या तेव्हा तीन महिन्यांचा, तो हॉलमधून धावत यायचा, फरशीवर नखं घसरायची आणि तो थांबायच्या ऐवजी सरळ तिच्या पोटात नाक घालायचा. तिच्या मागे ओटा, पुढे हा. आधी तिचे कान मागे जायचे, मग हनुवटी पंजावरून उचलायची, मग वरचा ओठ एका बाजूने थरथरायचा, आणि हा तोवर तिचा कान चघळतोय. सासूबाईंना लाटणं हातात धरूनच कळायचं की आता होणार. आम्ही राणीची सतरंजी उंबऱ्यावरून उचलून खिडकीखाली टाकली, जिथून तिला दोन बाजूंनी निघून जाता येतं आणि ओटाही दिसतो, आणि पोळ्यांच्या वेळेला बंड्याला फाटकाच्या पलीकडे चघळायला काहीतरी देऊन ठेवायला लागलो. उंबऱ्यावरचं गुरगुरणं संपलं. मग तेच सोफा आणि शोकेसच्या मधल्या बोळात सुरू झालं, तिथे सोफा हातभर सरकवला. हे असंच होतं, एक जागा मोकळी केली की दुसरी पुढे येते, त्याला 'उपाय लागू पडला नाही' असं समजू नका, घरातल्या अशा सगळ्या चिंचोळ्या जागा एकेक करून सोडवायच्या असतात. जिन्याखाली, पलंग आणि कपाटाच्या मधे, दोन गाड्यांच्या मधे पार्किंगमध्ये, सगळीकडे बघा.

खाण्याचं सरळ आहे. दोन भांडी, दोन खोल्या, मधे दार बंद, खाऊन झालं की भांडी उचलायची, रिकामीसुद्धा ठेवायची नाहीत. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा लागतं आणि मोठ्याला दोनदा, तर पिल्लाच्या जास्तीच्या वेळांना मोठ्याला फिरायला न्या किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर तो बाहेर उभा राहून लाळ गाळत तापत राहतो आणि दार उघडलं की पिल्लावर राग काढतो. हाडं, चघळायच्या काड्या वगैरे दोघं एकत्र असताना जमिनीवर पडलेल्या नकोत. आणि सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात माहितीये का, जेवताना घरातल्या कोणीतरी प्रेमाने दोघांच्या मधे टाकलेल्या पोळीच्या तुकड्यावरून. आजी-आजोबांना टाकू नका म्हटलेलं आवडत नाही, त्यापेक्षा त्यांना सांगा की जेवण झाल्यावर एकेकाला बोलावून, हातानेच द्या. ते ऐकतात.

नाशिककरांना इथे एक मुद्दाम सांगते, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला द्यायचे नाहीत, एकही नाही. त्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या घरी द्राक्षांच्या पेट्या येऊन पडतात, पिल्लू तोंड घालतं, त्यावरून दोघांची ओढाताण होते, म्हणून पेट्या वरच ठेवा. खाल्लीच तर उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

झोपेचं लोकांच्या लक्षातच येत नाही. पिल्लाला दिवसाची अठरा ते वीस तास झोप लागते. शाळेतून आलेली मुलं, पिल्लू बघायला आलेले शेजारी, भाजी घेऊन आलेली मावशी, सगळे त्याला उठवतात, आणि रात्री सात-आठला ते दमून इतकं सैरभैर होतं की दिसेल त्याला चावत सुटतं. संध्याकाळची भांडणं तुमच्या कॅलेंडरवर जास्त दिसत असतील तर दुपारी आणि साडेपाच-सहाला पिल्लाला अंधाऱ्या खोलीत सक्तीने झोपवा. मोठ्याशी त्याची गाठ झोप झाल्यावरच.

फाटक लावाच

एवढं सगळं नुसतं लक्ष ठेवून जमत नाही, कारण आपण अंघोळीला जातो, दूधवाला येतो, फोन येतो. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दारात बसणारं बुटकं जाळीचं फाटक करून घ्या. उंची अशी की मोठा सहज उडी मारून पलीकडे जाईल पण पिल्लू नाही, आणि गजांमधली फट अशी की पिल्लाचं डोकं अडकणार नाही. मोठ्याला उडी जमत नसेल तर त्याच्यासाठी एक पूर्ण खोली किंवा निदान एक दिवाण राखून ठेवा जिथे पिल्लाला कधीच प्रवेश नाही. माप घेताना लक्षात घ्या की पिल्लू दोन महिन्यांत दुप्पट होतं. आणि तुम्ही घरात नसताना दोघं एकत्र नकोत, कितीही सख्य दिसलं तरी, निदान पहिले काही महिने.

आधी भेट चुकली असेल तर पुन्हा करता येते

पिल्लू येऊन महिना झाला असला तरी भेट नव्याने घालता येते. घर मोठ्याचं आहे, त्याच्या दारात, त्याच्या सोफ्यावर पिल्लू आणून ठेवलं की त्याला ते राखावंसं वाटतं, म्हणून बाहेरच्या जागी, दोघांपैकी कोणाचीच नाही अशा जागी भेटवायचं. दोन माणसं, दोन पट्टे, दोघांनी एकाच दिशेने चालायचं, मधे पंधरा-वीस फूट अंतर, तोंडाला तोंड नको. पट्टा सैल सोडा, कारण ताणलेल्या पट्ट्याने कुत्राही ताणला जातो. दोघं आपापलं हुंगत चालायला लागले की अंतर कमी करत आणा, मागून दोन-तीन सेकंद हुंगू द्या आणि पुढे चला. बरं चाललंय तेव्हाच थांबवा, अजून पाच मिनिटं करू म्हणून ताणू नका. असं रोज केल्यावर मग घरात दोघं एकदमच शिरायचे.

जागा निवडताना एक मोठी अडचण आहे, पार्वो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा आजार. पिल्लाच्या लशी पूर्ण झालेल्या नसतील तर गोदापार्कला, गंगापूर रोडच्या मैदानावर किंवा जिथे बाकीचे कुत्रे येतात-जातात तिथे त्याला खाली सोडायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या सुमारास, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. तोवर ओळखीच्यांची धुतलेली गच्ची किंवा बंद पार्किंग वापरा, नाहीतर पिल्लाला कडेवर घेऊनच मोठ्याबरोबर फिरवून आणा, शेजारी शेजारी फिरण्याचा अर्धा फायदा त्यातही मिळतो. आणि पिल्लू रस्त्यावरून उचललेलं असेल तर घरातल्याला भेटवायच्या आधी दहा-पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, जंतांचं औषध, खरजेची तपासणी होऊ द्या, मोठ्याचा बूस्टर राहिलाय का तेही बघा. पिल्लाने खाणं सोडलं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलू नका.

घरातली माणसं

पिल्लू आल्यावर मोठ्याच्या वाट्याचं सगळं कमी होतं आणि ते त्याला कळतं. त्याचं सकाळचं फिरणं त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, त्याच माणसाबरोबर आणि पिल्लाशिवाय झालंच पाहिजे. माझ्या मते बाकी सगळे उपाय जमले नाहीत तरी चालतील पण हे चुकवू नका. मोठा सोफ्यावर तुमच्या शेजारी बसलाय आणि पिल्लू मांडीवर चढायला लागलं तर पिल्लाला उचलून घेऊ नका, तुम्हीच उठून उभे राहा, म्हणजे दोघांनाही राखायला काही उरत नाही. मुलांना सांगा, पिल्लू उचलून मोठ्याच्या तोंडासमोर 'बघ बघ, तुझा भाऊ' म्हणून धरायचं नाही, त्यात मुलाचा हात मधे सापडतो.

अजूनही काहीजण सल्ला देतात की मोठ्याला किंवा पिल्लाला उताणं पाडून दाबून धरा, तुम्ही म्होरक्या आहात हे कळू द्या. कृपा करून हे करू नका. हे सगळं लांडग्यांच्या टोळीतल्या 'अल्फा'च्या कल्पनेवरून आलं, आणि ती कल्पना ज्यांच्या लिखाणातून पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक करून आई-बाप आणि त्यांची पोरं, त्यात वर्चस्वासाठी सारखी मारामारी चाललेली नसते. दाबून धरलेला कुत्रा घाबरतो आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

सहा महिन्यांनी परत सुरू झालं तर

हा दुसरा फोन येतो. सगळं छान चाललं होतं, एकत्र झोपत होते, आणि पिल्लू सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर पुन्हा खेकसाखेकशी. लहान पिल्लाला मोठे कुत्रे बरीच सूट देतात, ते वयात यायला लागलं की ती सूट बंद होते. इथे परत पहिल्यापासून करायचं, भांडी वेगळी, फाटक परत लावा (काढून भंगारात दिलेलं नसलं म्हणजे बरं), फिरणं वेगवेगळं. नसबंदीचं वय डॉक्टरांना विचारून ठरवा. दोन माद्या असतील तर जास्त लक्ष द्या, एका घरातल्या दोन माद्यांची भांडणं लागली तर ती मिटायला अवघड जातात, आणि एक माजावर असताना तर दोघींना वेगळंच ठेवा.

खरी मारामारी लागलीच तर हात मधे घालू नका, गळ्याचा पट्टा तर अजिबात धरू नका, तिथेच चावा बसतो. स्टीलची ताटं आपटा, बादलीभर पाणी ओता, जाड गोधडी दोघांवर टाका, पाट किंवा मोठी उशी मधे सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकदमच एकेकाचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. माणसाला दात लागला तर कुत्र्याची लस झालेली असली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्र्यांच्या अंगावरून केसांत बोटं घालून हात फिरवा, दाताची भोकं वरून बारीक दिसतात आणि आत पू होतो. नंतर काही दिवस दोघांना समोरासमोर आणू नका, आणि आणाल तेव्हा सुरुवात परत बाहेरच्या फिरण्यापासून.

हे सगळं नीट पाळूनही मोठा पिल्लाला रक्त येईपर्यंत चावत असेल, किंवा म्हातारा आजारी कुत्रा दिवसभर पलंगाखालून बाहेरच येत नसेल, तर पिल्लाला दुसरं चांगलं घर बघणं यात काहीही गैर नाही, कोणी काही म्हणो. फक्त ते लवकर ठरवा. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला घर पटकन मिळतं, वर्षाच्या कुत्र्यासाठी माणूस शोधायला फार वेळ जातो.